मातीचा सांगावा

सुमन बुधवारी सकाळी वारली. ती माझी बायको. तिचा भाऊ प्रभू पुण्याला होता. त्याला आम्ही मेल पाठवली. ती त्याला मिळाली नाही. दिवस मावळायच्या आत माती झाली. प्रभू गुरुवारी आला.

आमच्या बीड जिल्ह्यात अंत्यविधीला माती म्हणतात. 'मातीला चाललोय', 'माती किती वाजता हाय', असं बोललं जातं. या मातीचे निरोप पोहोचवणं हा माझा व्यवसाय होता. केजमध्ये बसस्टँडच्या मागे युनूसभाईंचं सायबर कॅफे होतं. तिथून आम्ही दोघं एक वेबसाइट चालवायचो. कुणाच्या घरी कुणी वारलं की त्या घरचं माणूस यायचं, नाव, गाव, मातीची वेळ आणि पुढचे विधी सांगायचं. आम्ही ते साइटवर टाकायचो आणि त्या घराचा जो गोतावळा बाहेरगावी असेल त्याला ई-मेल जायची. साइटचं नाव 'सांगावा'. या अंकाच्या संपादकांनी वेगळ्या व्यवसायाबद्दल लिहा असं कळवलं. दोन वर्षांपूर्वी कळवलं असतं तर मी नाही म्हटलं असतं.

खुल्या धोरणाचं वारं आमच्याकडे उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी आलं. आधी एसटीडीचे पिवळे बूथ, मग केबल, मग संगणकाच्या शिकवण्या, मग सायबर कॅफे. त्याच सुमारास पोरं बाहेर पडली. कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला, कुणी आखातात. तोवर गावातलं मरण गावातच कळायचं. फार तर केजहून धारूरला सांगावा घेऊन एक माणूस एसटीनं जायचा. आता नात्यातली अर्धी माणसं अशा ठिकाणी होती की तिथं माणूस धाडता येत नव्हता. मोबाइल आले होते, पण परगावचा फोन महाग होता आणि एका घरचं मरण पन्नास-साठ घरांना कळवायचं असायचं. जवळच्यांना फोन आणि बाकीच्यांना मेल, अशी रीत हळूहळू पडली. ती पाडण्यात आमचा हात होता असं म्हटलं तर फार होणार नाही.

साइट तयार करणं सोपं होतं. मी औरंगाबादला संगणक शिकलो होतो आणि वडिलांच्या किराणा दुकानात माझं मन कधी रमलं नाही. मेल पाठवणं त्याहून सोपं होतं. ती माणसाच्या डोळ्यांसमोर पोहोचवणं, हा खरा धंदा. तो बाहेरच्यांना माहीत नसतो, म्हणून थोडं सांगतो.

प्रत्येकाच्या मेलपेटीला दोन खण असतात. एक समोरचा, जो उघडल्या उघडल्या दिसतो. दुसरा मागचा, त्याला स्पॅम म्हणतात. लॉटरी लागली, टक्कल घालवा, जाडी कमी करा, असल्या नको असलेल्या मेली त्यात पडतात. कोणती मेल कुठल्या खणात टाकायची हे मेल पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची यंत्रं ठरवतात. ती काय बघून ठरवतात हे त्या सांगत नाहीत, कारण सांगितलं तर लॉटरीवालेही शिकतील. मेल पाठवली की पलीकडचं यंत्र आपल्याला एकच उत्तर देतं, 'घेतली'. तहसील कचेरीत अर्ज दिल्यावर आवकचा कारकून शिक्का मारतो, तसं. शिक्का म्हणजे साहेबांनी वाचलं असं नव्हे. अर्ज कपाटात गेला की कपाटामागे पडला हे त्या शिक्क्यावरून कळत नाही.

पहिल्या वर्षी आमच्या बहुतेक मेली मागच्या खणात पडत होत्या. कारण शोधायला मला बरेच महिने लागले. आम्ही स्वस्तातली जागा घेतली होती. एकाच यंत्रावर अनेकांच्या साइट, आणि त्यांतला एक शेजारी ताकदीच्या गोळ्या विकणारा. केजहून मांजरसुंब्याला जाणाऱ्या शेअर जीपमध्ये एकाच्या पिशवीत दारू सापडली की पोलीस सगळ्यांनाच खाली उतरवतात. आमचं तेच झालं होतं. मग आम्ही स्वतंत्र यंत्र घेतलं. त्याला नाव दिलं. त्या नावावरून यंत्राचा पत्ता आणि पत्त्यावरून नाव, असं दोन्हीकडून जुळेल याची नोंद केली. अनोळखी यंत्रानं एकदम शेकडो मेली सोडल्या की पलीकडे संशय येतो, म्हणून थोड्या थोड्या सोडत ओळख वाढवली. नव्या गावात दुकान टाकलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी उधारी मागू नये, तसं हे होतं.

तरी गिऱ्हाईक गिऱ्हाईकच. आडत व्यापाऱ्याचा एक मुलगा आला होता. वडील पहाटे वारलेले. त्याला वडिलांचं नाव लाल अक्षरांत हवं होतं, बाजूला हलत्या ज्योतीची समई हवी होती, आणि खाली दुकानाचा पत्ता.

मी म्हणालो, "पत्ता कशाला?"

"वडलांच्या माघारी दुकान चालू हाय हे लोकांला कळाया पाहिजे का न्हाई?"

मी सांगून पाहिलं की लाल अक्षरं, हलती चित्रं आणि दुकानाचा पत्ता असं तिन्ही एकत्र दिसलं की यंत्राला जाहिरात वाटते. त्याला पटलं नाही. मेल त्याच्या म्हणण्याप्रमाणे गेली आणि पार मागच्या खणात पडली. दोन दिवसांनी तो भांडायला आला. बाहेरगावचं कुणीच आलं नव्हतं.

मजकूर सुमन लिहायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. आम्हाला मूल नव्हतं. शाळा सुटली की ती कॅफेत यायची, लोकांनी आणलेले कागद वाचायची आणि त्यातलं निम्मं खोडायची. 'काळाने घाला घातला', 'दुःखाचा डोंगर', 'पोरकं केलं' हे सगळं जायचं. उरायचं ते असं : अमुक गावचे अमुक आज सकाळी वारले. माती दुपारी तीन वाजता, गावी.

"अहो, मेलेल्या माणसाला विशेषणं कशाला?" ती म्हणायची. "वाचणाऱ्याला काय ते कळतं."

गंमत अशी की तिचे मजकूर बरोबर समोरच्या खणात पडायचे. भडक शब्द यंत्रालाही नको असतात. मी महिनोन्महिने आकडेमोड करून जे शोधत होतो ते तिला शाळेतल्या निबंधांवरून ठाऊक होतं.

मुसलमान घरांचं काम युनूसभाई बघायचे. तिथं वेळ आणखी कमी. सकाळी माणूस गेला तर दुपारच्या किंवा फार तर असरच्या, म्हणजे उन्हं कलल्यावरच्या, नमाजीनंतर दफन. एकदा फळांचा गाडा लावणाऱ्या चाँदभाईंच्या आई वारल्या. त्या बाईंचा धाकटा मुलगा हैदराबादला. त्याचा फोन बंद. मेल गेली आणि आम्ही आपापल्या कामाला लागलो. जनाजा उचलला तेव्हा तो मुलगा जीपमधून उतरत होता. चपला हातात, तसाच खांदा द्यायला पळाला. युनूसभाई कब्रस्तानातून आले, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "अप्पा, आपली मेल पोचली." त्या दिवशी आम्ही दोघांनी दुसरं काही काम केलं नाही. चहा पीत बसलो.

एक विलक्षण गिऱ्हाईक म्हणजे धारूरचे भीमराव मास्तर. निवृत्त शिक्षक, किल्ल्याच्या रस्त्याला घर. ते स्वतःच्या मरणाचा मजकूर घेऊन आले.

"मेल्यावर दुरुस्त्या कोण करणार? मला आत्ताच बघू दे."

सुमननं त्यांच्या कागदावरही पेन्सिल चालवली. मास्तरांना ते आवडलं. मग म्हणाले, आता ही मेल एकदा मला पाठवून दाखवा, कशी दिसते बघतो. आम्ही पाठवली. आठवडाभरानं ते पुन्हा आले, खुर्चीत बसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी मेलोय हे मलाच कळलं न्हाई बे. मागच्या खणात पडलो व्हतो."

कॅफेतली सगळी पोरं हसली. मीही हसलो. त्या काळात आमच्या मेली पुन्हा मागच्या खणात पडायला लागल्या होत्या. यंत्र स्वतंत्र होतं, नावपत्ता जुळत होता, मजकूर सुमनचा होता. काहीच बदललं नव्हतं आणि तरी पडत होत्या. का, ते मला कळत नव्हतं.

प्रभूबद्दल सांगायला हवं. सुमनची आई लवकर गेली. प्रभू तेव्हा तीन वर्षांचा. त्याला सुमननंच वाढवलं. ती त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठी. तो तिला अक्का म्हणायचा, पण त्याच्या आवाजात ते आईसारखंच यायचं. पुण्यात एका परदेशी बँकेच्या हिशेबाचं काम करणाऱ्या कंपनीत त्याला नोकरी लागली. तिथं आत जाताना मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावावं लागायचं. त्यानं अक्काला सांगून ठेवलं होतं, "फोन लागायचा न्हाई. काय बी असलं तर मेल टाक. मेल मी तासातासाला बघतो."

सुमनच्या हृदयाची झडप लहानपणापासून अधू होती. डॉक्टरांनी सांभाळून राहायला सांगितलं होतं आणि ती सांभाळून राहत होती. त्या बुधवारी ती शाळेला निघाली, चपला घालायला खाली वाकली आणि उठली नाही.

युनूसभाई आले. मला काही सुचत नव्हतं. ते म्हणाले, "अप्पा, तुमी इथंच थांबा. सांगाव्याचं मी बघतो." मजकूर त्यांनी लिहिला. नंतर मी तो वाचला. 'केजच्या सुमनताई आज सकाळी वारल्या. माती संध्याकाळी, केजला.' तिनं लिहिला असता तसाच. प्रभूची मेल त्यांनी सगळ्यांत आधी सोडली. यंत्रानं उत्तर दिलं, 'घेतली'.

प्रभूचा फोन वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. कंपनीच्या नंबरवर एक बाई इंग्रजीतून लाइनवर राहा म्हणाली. मग निरोप देते म्हणाली. तिनं दिला की नाही, कुणाला दिला, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण मेल गेली होती, आणि मेल तो तासातासाला बघतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. सहा-सात तासांचा रस्ता. बाराच्या आत निघाला तरी पोहोचेल, असा हिशेब होता.

आम्हा लिंगायतांत मातीला बसवून पुरतात. सवाष्ण बाईच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं लागतं. ते भावानं आणायचं. सुमनला भिंतीला टेकवून बसवलं होतं, कपाळाला विभूती लावली होती, गळ्यात बेलाची माळ घातली होती. सगळी तयारी झाली होती. फक्त ते लुगडं नव्हतं.

बायका दाराकडे बघत होत्या. रस्त्यावर जीप थांबली की एखादी उठून बघायची.

"भावाला कळवलं न्हवं नीट?" कुणीतरी विचारलं.

"कळवलंय," युनूसभाई म्हणाले. "सगळ्याच्या आधी त्याला कळवलंय."

"मंग कावून न्हाई आला?"

उन्हं उतरली. विधी करणारे स्वामी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "अप्पा, आता थांबता येणार न्हाई. दिवस मावळायच्या आत झालं पाहिजे." मी प्रभूसाठी आणखी थोडा वेळ मागितला. त्यांनी दिला. तोही गेला. तेव्हा शेजारच्या गंगाकाकू उठल्या. त्या सुमनच्या गावच्या. आपल्या घरी गेल्या आणि स्वतःच्या पेटीतलं घडी न मोडलेलं लुगडं घेऊन आल्या. "मी तिच्या गावची हाय. आज मीच तिचं माहेर," असं म्हणून त्यांनी ते तिच्या अंगावर घातलं. मग आम्ही निघालो.

प्रभूची त्या दिवशी लागोपाठ दुसरीही पाळी होती. सुटल्यावर त्यानं कपाट उघडलं तेव्हा त्याला मोबाइलवर आमचे येऊन गेलेले फोन दिसले. तो गुरुवारी सकाळी आला. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी होती. मांजरसुंब्याला गाडी बदलताना त्यानं दुकान उघडायला लावून लुगडं घेतलं होतं. ते कुणाला द्यायचं हे त्याला कळत नव्हतं. ती पिशवी तो दिवसभर हातात धरून होता.

दुपारी तो मला म्हणाला, "दाजी, मेल कावून न्हाई केली?"

"केली होती."

"मला न्हाई आली."

आम्ही कॅफेत गेलो. त्यानं स्वतःची पेटी उघडली. समोरच्या खणात नव्हती. मी मागचा खण उघडायला लावला. तिथं लॉटऱ्या होत्या, गोळ्या होत्या. आमची मेल नव्हती. मी माझ्या यंत्रावरची नोंद दाखवली. वेळ, त्याचा पत्ता, पुढे 'घेतली'.

"तुमचंच मशीन, तुमचंच लिवलेलं," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "दाजी, तुमचा धंदा काय हाय? दुनियेला मातीला बोलवायचा. आन् मलाच न्हाई बोलवलं."

युनूसभाई म्हणाले, "प्रभू, मी माझ्या हातानं धाडलीय. खुदाची शपथ."

"मंग ती कुठं हाय, भाई?"

प्रभू संध्याकाळच्या गाडीनं गेला.

त्यानंतर मी हे एकच काम केलं. बाकीचं युनूसभाईंनी ओढलं. सुमन परत येणार नव्हती. पण प्रभूला बोलावलं होतं, ते बोलावणं त्याच्यापर्यंत जाताना कुठं अडलं, हे मला शोधून त्याला दाखवायचं होतं. तिनं वाढवलेल्या पोराला आम्ही तिच्या मातीला बोलावलं नाही, ही गोष्ट तशीच राहू द्यायची नव्हती.

मेलवाल्या मोठ्या कंपन्यांना मी पत्रांवर पत्रं लिहिली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकीनं दिलं. तुमच्या मेलींबद्दल आमच्याकडे तक्रारी आहेत, कोण तक्रार करतो ते यापुढे तुम्हाला कळवत जाऊ, असं तिनं लिहिलं. मेलपेटीत एक बटण असतं. ते दाबलं की 'ही मेल स्पॅम आहे' अशी तक्रार कंपनीकडे जाते. पुरेशा लोकांनी दाबलं की कंपनीचं यंत्र ठरवतं, हा पाठवणारा वाईट माणूस आहे, याच्या सगळ्याच मेली मागे टाका.

तक्रारी यायला लागल्या. मी नावं वाचली आणि मला काही समजेना. सगळी आपलीच माणसं. ज्यांच्या चुलत्याची मेल आम्ही पाठवली ते पुतणे. ज्यांच्या आत्याची पाठवली ते भाचे. कुणाशी आमचं वैर नव्हतं. काहींनी तर मेल वाचून फोन करून आभार मानले होते आणि मग ते बटण दाबलं होतं. त्यांत भीमराव मास्तरांचंही नाव होतं. त्यांच्या साडूच्या मातीची मेल होती ती.

मी धारूरला गेलो. मास्तर ओट्यावर बसले होते. त्यांनी आधी सुमनबद्दल विचारलं. मग मी विचारलं, "मास्तर, आमची मेल आली होती का?"

"आलती की. मी मातीला गेलतो."

"मग तिची तक्रार का केली?"

"तक्रार? मी कशाला तक्रार करू?"

मी त्यांना ते बटण समजावून सांगितलं.

"अरे पोरा, मरणाचा कागद घरात ठेवतेत का? तुझ्या बापाच्या घरी ठेवायचे का?"

ठेवत नसत. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी त्याचा कधी विचार केला नव्हता. मरणाचं पत्र यायचं ते कोपरा फाडलेलं. पोस्टमन ते हातात देताना मान खाली घालायचा. ते उंबऱ्याच्या बाहेरच वाचायचं, वाचलं की फाडायचं, बाहेर टाकायचं आणि अंगावर पाणी घेऊन मग आत यायचं. हिंदूंच्या बहुतेक घरांत ही रीत होती.

"पण मास्तर, डिलीट करायचं ना. त्याला वेगळं बटण असतं."

"ते मी बघितलंय. डिलीट केलेलं तिथंच डब्यात पडून राहतंय महिनाभर. म्हंजे घरातच की. ह्या दुसऱ्या बटणानं कसं, घराबाहेर जातंय. मला नातवानं सांगितलं, आन् मी चार जणांला सांगितलं." मग म्हणाले, "कावून? काय चुकलं का?"

मी नाही म्हणालो. शेवटच्या गाडीनं परत आलो.

आमची माणसं मेल वाचत होती, मातीला जात होती, आणि आईबापांनी शिकवलं तसं मरण उंबऱ्याबाहेर टाकत होती. आणि कुठल्यातरी देशातलं यंत्र हे मोजून ठरवत होतं की सांगावा पाठवणारे हे लोक लबाड आहेत. त्यात कुणाचंच काही चुकलं नव्हतं.

यावर मी जो उपाय काढला त्याचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. मेलमध्ये मरणाची बातमी लिहिणंच बंद केलं. मेलमध्ये फक्त एवढंच जायचं, 'तुमच्यासाठी अमुक गावाहून सांगावा आहे', आणि खाली आमच्या साइटची वाट. बातमी साइटवर. ती वाचून झाली की खाली एक बटण होतं, 'कोपरा फाडा'. ते दाबलं की पडद्यावरचा कागद फाटायचा आणि त्या माणसाला ती बातमी पुन्हा दिसायची नाही. घरात काही उरायचं नाही. लोकांनी ते लगेच उचललं. चार-सहा महिन्यांत तक्रारी जवळपास थांबल्या आणि मेली समोरच्या खणात पडायला लागल्या. या धंद्यातले शिकलेले लोक मोठ्या शहरांतून मला विचारायचे, तुम्ही काय केलं. मी सांगायचो आणि त्यांना ते समजायचं नाही.

पण प्रभूच्या मेलीचं उत्तर यात नव्हतं. यंत्राला आम्ही लबाड वाटलो असतो तरी मेल मागच्या खणात पडायला हवी होती. ती तिथंही नव्हती.

वर्षाच्या विधीला प्रभू आला. येईल असं वाटलं नव्हतं. समाधीवर बेल वाहिला, जेवला, आणि ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसला. युनूसभाई पायरीवर बसले होते. वर्षभरात तो वाळला होता.

"दाजी, मी लई विचार केला," तो म्हणाला. "तुमी मेल गेली म्हंता. पन तुमची मेल मला आधी आलती की. थोरले काका वारले तवा. बरोबर आली, समोरच आली. मंग अक्काचीच कशी न्हाई आली?"

"काकांची आली होती?"

"आली. वाचली आन् बाहेर टाकली. अक्कानंच सांगितलेलं लहानपणी, मरणाचा कागद घरात ठेवू नको म्हणून. ते स्पॅमचं बटण असतंय न्हवं का, ते दाबलं. वर त्यानं विचारलं, ह्या पत्त्यावरचं इथून पुढं कायमचं अडवू का म्हणून. मी म्हनलं, मरणाची बातमी परत कशाला येऊ द्यायची? अडव म्हनलं." त्यानं माझ्याकडे बघितलं. "सांगायचं म्हंजे, तुमची मेल पोचती. धाडली तर पोचती. माझं एवढंच म्हननं हाय."

अडवलेल्या पत्त्याची मेल मागच्या खणातही पडत नाही. पलीकडचं यंत्र ती घेतं, 'घेतली' असं सांगतं आणि तिथल्या तिथं टाकून देतं. हे मला ठाऊक होतं. युनूसभाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

जे शोधायला मी वर्ष घालवलं होतं ते माझ्या समोर बसलं होतं. एक वाक्य बोललो असतो तर प्रभूला पटलं असतं की आम्ही त्याला बोलावलं होतं. आणि त्याच वाक्यानं त्याला कळलं असतं की अक्काचा सांगावा त्यानंच दारातून परत लावला होता, अक्कानं शिकवलं होतं तसंच वागून.

"दाजी, खरं सांगा," प्रभू म्हणाला. "धाडली व्हती का?"

मी म्हणालो, "नसेल गेली."

तो म्हणाला, "मला वाटलंच व्हतं." उठला, युनूसभाईंना सलाम केला, मला केला नाही, आणि गेला.

युनूसभाई तिथंच बसून होते. म्हणाले, "तुमी हे काय केलं, अप्पा? मेल तर मी धाडलती."

मी म्हणालो, "तिनं त्याला वाढवलंय, भाई. दाजी वाईट निघाला तर माणूस जगतो."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्यांची खुदाची शपथ मी खोटी पाडली होती. तेही त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

प्रभू नंतर आला नाही. लग्न झालं, मुलं झाली, ते इतरांकडून कळलं. पुढे सगळ्यांच्या हातात स्मार्टफोन आले. आता कुणी वारलं की फोटो फोनवरच्या नातेवाइकांच्या गटावर येतो आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. आमच्याकडे कुणी यायचं कारण उरलं नाही. युनूसभाईंनी कॅफेच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. ते आता त्यांचा पुतण्या बघतो.

दोन वर्षांपूर्वी प्रभू पुण्याला वारला. मला माती झाल्यावर चार दिवसांनी कळलं, तेही गटावरूनच. त्याच्या घरच्यांनी मला कळवलं नाही. त्यांनी का कळवावं?

मी केजलाच राहतो. साइट बंद आहे. प्रभूची बायको बिदरची आहे, ती कन्नड वाचते. मुलं इंग्रजी शाळेत शिकली. त्यांच्या घरी अजून असंच समजतात की मी प्रभूला त्याच्या अक्काच्या मातीला बोलावलं नाही. हे मी मराठीत लिहिलं आहे. त्यांना ते वाचता येणार नाही.